कुंकू लावून आलेली बाटली

नोकरी काय करता असं कुणी विचारलं की मी सांगायचे, मी अन्न जाळते. लग्न ठरताना सासूबाईंनाही हेच सांगून बसले होते. बिचाऱ्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. पण त्यात खोटं काय होतं? बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं खाण्याचे पदार्थ तपासले. फरसाण, पेढे, लोणची, पापड, मसाले, शेवटी शेवटी सॉस. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि आता घरात भाजी करपली की माझे मिस्टर सलीम म्हणतात, सवय जात नाही बघ तुझी.

पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांची चौकट असते ना, ऊर्जा इतकी, प्रथिनं इतकी, मीठ इतकं, ती आपोआप उगवत नाही. ती माझ्यासारखी कुणीतरी बाई भरते. पदार्थ थोडा घेऊन वाळवायचा, म्हणजे त्यात पाणी किती ते कळतं. दुसरा थोडा घेऊन त्यातला तेलतुपाचा अंश काढायचा. तिसऱ्यातून नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून प्रथिनं काढायची. चौथा भट्टीत टाकून पार पांढरी राख होईस्तोवर जाळायचा. त्या राखेत मीठ आणि बाकीचे क्षार सापडतात. आणि कर्बोदकं? ती आम्ही मोजतच नाही. शंभरातून बाकी सगळं वजा करायचं, जे उरेल ते कर्बोदकं. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. एवढा पांढरा कोट घालून नुसती वजाबाकी करता होय, असं एका बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं.

बार्बेक्यू सॉस हा तर वजाबाकीला अगदी सोपा पदार्थ. स्निग्धांश जवळजवळ नाहीच, प्रथिनं नावाला. राहिलं काय तर पाणी, गोडवा आणि मीठ. लोक मोठ्या आशेनं विचारायचे, मॅडम, टोमॅटो आहे म्हणजे जीवनसत्त्वं भरपूर असतील ना? मी म्हणायचे, टोमॅटो खायचाय तर टोमॅटो खा की. सॉस चवीला असतो, चमचाभर घ्यायचा आणि बाटली लांब ठेवायची. आपली माणसं चमचाभर घेतील तर शपथ.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक गुऱ्हाळवाले आले होते. गूळ घातलेला सॉस घेऊन आले आणि म्हणाले, लेबलवर 'साखर शून्य' असं लिहून द्या. मी म्हटलं, काका, गूळ म्हणजे साखरच, जरा मळकी आणि जरा शहाणी. ते खुर्चीतून उठलेच. साखर कारखान्यात होते, गूळ गुऱ्हाळात होतो, उसाच्या गावातल्या माणसाला तुम्ही हे शिकवता का, म्हणून मलाच झापलं. अर्धा तास भांडलो आम्ही. शेवटी माझ्याकडचा चहा प्यायले, त्यात दोन चमचे साखर मागून घेतली, आणि रिपोर्ट न घेताच गेले. पुढं म्हणे कुठूनतरी तसा रिपोर्ट मिळवलाही. कुणाकडून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पण सांगायचंय ते शेळगावच्या तात्यांबद्दल.

तात्या म्हणजे सत्तरीतला माणूस, पांढरी टोपी, धोतर, पायात करकरीत वहाणा. इंदापूरकडच्या एसटीनं सकाळीच आले आणि मांडीवर गाठोडं घेऊन बाकावर बसले. गाठोडं सोडलं तर आत कोरा खण, आणि खणात गुंडाळलेली सॉसची बाटली. झाकणाला हळदकुंकू लावलेलं. मी विचारलं, तात्या, हे काय?

"पोरगी दाखवायला आणलीय, ताई," ते म्हणाले. "नीट बघून घ्या."

आम्ही सगळ्या हसलो. तेही हसले. सॉस त्यांच्या सुनेनं, अश्विनीनं केलेला. तिचा नवरा टेम्पोनं भाजी पुण्याला पोचवतो. तिकडच्या एका हॉटेलातून त्यानं परदेशी बार्बेक्यू सॉसची अर्धी बाटली आणली होती. अश्विनीनं बोट लावून चाखलं आणि म्हणाली, ह्यात हाय काय, टोमॅटो, गूळ, चिंच, मिरची आणि धूर. घरचे टोमॅटो होतेच. धुराला तिनं आपला धुंगार दिला, बाभळीचा निखारा वाटीत ठेवायचा, वर तेलाचा थेंब टाकायचा आणि पातेल्यावर झाकण दाबायचं. तात्यांनी म्हशी विकून गोठा रिकामा केला, फरशी घातली आणि सुनेला दिला. गावात काय काय बोलणी झाली असतील ती झाली, पण म्हातारा सुनेच्या बाजूनं उभा राहिला.

नमुना बघून कुंकवाबद्दल मला हसू आलं, एवढंच. खरं म्हणजे तिथंच आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही.

बाटली उघडली. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही असा नियम आहे आणि तो मी नव्या पोरींना दरडावून सांगायचे. पण तो वास आला आणि मी दार लोटून करंगळी बुडवलीच. काय सॉस होता! आंबट, गोड, तिखट, आणि मागनं धूर. तपासणीतही छान निघाला. मीठ शंभर ग्रॅमला दीड ग्रॅम, बाजारातल्या मोठ्या कंपनीच्या सॉसपेक्षा पुष्कळ कमी. मी सही केली. आयुष्यात हजारो सह्या केल्या, पण ही करताना मला बरं वाटलं होतं.

त्या रिपोर्टवर अश्विनीला पुणे-सोलापूर हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. हॉटेलचे मालक चोखंदळ. गाडीतून उतरणारी कुटुंबं हल्ली बाटली फिरवून पाठ वाचतात, तेव्हा मीठ कंपनीच्या सॉसपेक्षा कमी असेल तर टेबलावर ठेवतो, सहा महिने बघतो, असं ते म्हणाले. सहा महिन्यांत जमलं तर गोठ्यातला सॉस चालला, नाही तर गोठ्यात परत म्हशी. अश्विनी मला फोनवर हे सांगताना हसत होती, पण सहा महिने कोणत्या तारखेला संपतात ते तिनं दोनदा सांगितलं.

तीनेक महिन्यांनी आम्ही टेंभुर्णीला लग्नाला निघालो होतो, मी आणि सलीम. सलीम एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यांना वाटेत दर पन्नास किलोमीटरला काहीतरी खावं लागतं. त्याच हॉटेलात थांबलो. टेबलावर अश्विनीची बाटली. मी ती उचलून सलीमना पाठ दाखवली, हे बघा, हे आकडे माझे. मिरवायची हौस काही कमी नाही मला. त्यांनी कोंबडीचा तुकडा सॉसमध्ये बुडवला, चावला, आणि म्हणाले, "मग तुझे आकडे खारट आहेत, रझिया."

मी चाखलं. खरंच खारट. चव चांगली होती, पण माझ्या करंगळीवरचा तो सॉस हा नव्हता. लग्नात जेवणात लक्ष लागेना. येताना एक बाटली विकत घेतली आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेले.

मीठ मोजायची रीत साधी. राख पाण्यात विरघळवायची, त्यात पिवळ्या क्रोमेटचे दोन थेंब घालायचे, आणि वरच्या काचेच्या नळीतून चांदीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. मीठ आहे तोवर पाणी पिवळंच राहतं. मीठ संपलं की पुढच्याच थेंबाला विटकरी रंग येतो, तिथं तोटी बंद करायची. मी दीड ग्रॅमच्या खुणेपाशी हात तोटीवर ठेवून बसले. रंग बदलेना. दोन ग्रॅम गेले. अडीच गेले. तीनच्या वर जाऊन मग कुठं विटकरी झालं. मला वाटलं द्रावण बिघडलंय, नवं केलं. मग वाटलं नळी गळतेय, ती बदलली. तिसऱ्यांदाही तेच आलं. लेबलवर लिहिलेल्याच्या दुप्पट, आणि त्या लेबलच्या रिपोर्टवर माझी सही.

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मालक, माणूस वाईट नाही, फक्त घाबरट. त्यांनी रिपोर्टची शेवटची ओळ बोटानं दाखवली: हा अहवाल केवळ आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे. आपण त्या बाटलीबद्दल बोललो, ह्या बाटलीबद्दल नाही, विषय संपला, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. कायद्यानं ते बरोबर होते. ती ओळ मी स्वतः शेकडो वेळा गिऱ्हाइकांना दाखवली होती. त्या दिवशी मात्र मी चहा तसाच ठेवून उठले. अश्विनी लबाड निघाली का? निघाली तर मी तिला ओळखलं कसं नाही? रविवारी सलीमना म्हटलं, गाडी काढा, शेळगावला जायचंय.

गोठा ओळखू येत नव्हता. पांढऱ्या टाइल्स, शेगड्या, स्वच्छ पातेली, शेजारच्या दोन बाया डोक्याला फडकं बांधून टोमॅटो चिरत होत्या. तात्यांनी खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, पोहे आले. मी पोह्यांना हातच लावला नाही. सरळ विचारलं, तात्या, तुम्ही माझ्याकडं आणलेली ती बाटली कशी केली होती?

तात्यांचा चेहरा खुलला. पहाटे उठून वेलावर पूर्ण पिकलेले टोमॅटो त्यांनी स्वतः एकेक निवडले होते. मसाला नवा कुटला होता. अश्विनीनं सगळं चमच्यानं मोजून घातलं होतं, कारण तात्यांना एसटी गाठायची घाई, चाखायला थांबायला वेळ नव्हता. मी म्हटलं, आणि रोजचा?

"रोजचा रोजच्यावानी," तात्या म्हणाले. "ताई, पाव्हणं यायचं म्हणल्यावर आपण रोजचं कोरड्यास वाढतो का? तुमच्याकडं पाठवायचा म्हणजी चांगलाच करून पाठवाय पायजे."

मला हसू आवरेना. एकतीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आले की नमुना चालू मालातला आणा, आणि हा माणूस प्रयोगशाळेला व्याही समजून नमुना घेऊन आला होता. लबाडी तिथं औषधालाही नव्हती. पण नुसत्या टोमॅटोनं मीठ दुप्पट होत नाही. म्हणून विचारलं, रोज मीठ कोण घालतं?

अश्विनी म्हणाली, मीठ ती घालते, पण शेवटचं चाखायचं काम तात्यांचं. घरातल्या मोठ्या माणसानं चाखून बरं म्हटल्याशिवाय पातेलं उतरवायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. तात्या चाखतात, 'अजून लागतंय' म्हणतात, ती मूठभर टाकते. कधी दोनदा.

"आणि तात्या, तुमचं जेवण कसं असतं?" मी विचारलं.

उत्तर अश्विनीनंच दिलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तात्यांना रक्तदाबाचं सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या ताटात मीठ जवळजवळ बंद. अळणी आमटी, अळणी भाजी. आता बोला. मिठाला आसुसलेली जीभ, आणि हायवेवरच्या सगळ्या गाड्यांचं मीठ तीच ठरवत होती.

मी आकडे सांगितले. लेबलवर दीड, बाटलीत तीनच्या वर. मग तात्या हळूच म्हणाले की सॉस ते स्वतःही खातात, रोज दोन चमचे, भाकरीबरोबर. डॉक्टरांनी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. चष्मा लावून त्यांनी लेबल वाचलं होतं, मीठ कमी आहे असं बघूनच खात होते. चमचा कुठला, म्हणून विचारलं तर भिंतीवर टांगलेली पळी दाखवली. मी कपाळाला हात लावला.

"रझियाताईची सही हाय म्हणल्यावर म्या काय शंका घ्यायची?" तात्या म्हणाले. आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवत, "म्हंजी मीठ म्याच घातलं."

अश्विनी त्यांच्याजवळ जाऊन बसली. तुमी न्हाय तात्या, आपण सगळ्यांनी, असं काहीतरी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"ताई, रिपोर्टच्या खाली बारीक ओळ हाय, फक्त नमुन्यापुरतं म्हणून. ती कुणासाठी असती?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "मला वाचवायला."

तिच्यापुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही मी तिला सांगितल्या. लेबल बदलून खरा आकडा छापायचा, मग हॉटेल बहुतेक सुटलं. नाही तर सॉस बदलायचा, रोज तो पाहुण्यांचा सॉस करायचा. त्याला पिकलेलाच टोमॅटो लागणार, सगळं मोजून घालावं लागणार, आणि चव ज्यांच्या तोंडी बसलीय त्यांची कुरकुर ऐकावी लागणार. तिसरी वाटही होती, गप्प बसायची. ती मी सांगितली नाही, पण तिलाही ती दिसत होती. तिनं हात पुसले, फोन घेतला आणि आमच्यासमोर हॉटेलच्या मालकांना लावला.

"सॉसच्या बाटल्या टेबलावरनं काढा, साहेब," ती म्हणाली. "लेबलवर लिहिलंय त्याच्या दुप्पट मीठ हाय. चूक आमची हाय. सगळा माल परत पाठवा."

पलीकडून 'बघतो' एवढंच आलं आणि फोन बंद झाला. अश्विनीनं फोन बाजूला ठेवला आणि शेगडी बंद केली. मग सलीमनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पोहे गार झालेत म्हणाले. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की पुढचा अर्धा तास ते बोलले नाहीत, पण पोहे संपवले.

घरी येताना वाटेतच मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं: अमुक रिपोर्ट मी मागे घेत आहे, नमुना चालू मालातला आहे का याची चौकशी मी केली नव्हती. साहेब भडकले. आठ महिने राहिलेत तुमचे, मॅडम, आता कशाला ही नसती उठाठेव, म्हणाले. उद्या सगळे असेच रिपोर्ट परत आणतील. मी म्हटलं, आणू देत. दोन आठवडे ते माझ्याशी फक्त चिठ्ठीनं बोलत होते. चिठ्ठीतही 'मॅडम' नसायचं, नुसतं नाव.

शेळगावात बाटल्या टेम्पोनं परत आल्या. अश्विनीनं वजनकाटा आणला, मिठासाठी वेगळा डबा केला आणि मुठीवर बंदी घातली. तात्यांचं काय करायचं हा नाजूक प्रश्न होता. मोठ्या माणसाच्या हातातला चमचा काढून घ्यायचा कसा? पण ते काम तात्यांनीच सोपं केलं. आजपासून म्या चाखणार न्हाय, टोमॅटो निवडणार, असं त्यांनी आपणहून सांगितलं. आणि निवडायला बसले की अर्धी पाटी बाजूला सारायचे. अश्विनी मला फोनवर म्हणाली, ताई, आधी मिठाचा जाच होता, आता टोमॅटोचा झालाय. डॉक्टरांकडंही नेऊन आणलं त्यांना. पळी बंद झाली. चहाचा चमचा मिळाला, तोही अर्धा.

नव्या मालाचा नमुना घ्यायला या वेळी मीच गेले. चाळीस-पन्नास बाटल्या मांडल्या होत्या. पुढच्या ओळीतली चकचकीत बाटली तात्या मला सुचवत होते. मी मागच्या क्रेटमधली, तळाची, जरा तिरकं लेबल चिकटलेली उचलली. तात्यांना फार लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी चांदीचं द्रावण सोडत होते तेव्हा दीडची खूण ओलांडली आणि जरा पुढं जाऊन, एक पूर्णांक सहावर, एका थेंबाला सगळं विटकरी झालं. मी एकटीच होते. चांगलं मोठ्यानं हसले. तिनं लेबलवरचा आकडा बदलून एक पूर्णांक सहा छापला. दशांशाचाही खोटेपणा नको म्हणाली.

हॉटेलकडून मात्र काही कळत नव्हतं. एक आठवडा गेला, दोन गेले. शेजारच्या बाया दुसरीकडं खुरपणीला जायला लागल्या. शेळगावात कुणीतरी तात्यांना म्हशींचा भाव विचारून गेलं. अश्विनी रोज मला फोन करायची आणि हॉटेलचं नाव मुद्दाम काढायची नाही.

मग एका दुपारी हॉटेलच्या मालकांचा फोन प्रयोगशाळेत आला. माझंच नाव घेऊन मागितलं. नवा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. त्यांनी आकड्यांबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, मॅडम, एवढी वर्षं तुम्ही ह्या धंद्यात आहात, कुणी तक्रार केली नसताना स्वतःहून माल परत मागवणारी अशी किती माणसं बघितलीत?

"ही पहिलीच," मी म्हणाले.

मग, पाठवा म्हणावं तिला बाटल्या, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

अश्विनीला लगेच कळवायला हवं होतं, पण मी आधी रिपोर्ट मागे घेतल्याच्या त्या पत्राची प्रत काढून वाचली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. मॅडम, तुम्ही स्वतः सही केलेले किती रिपोर्ट परत घेतलेत, असं विचारलं असतं तर एकतीस वर्षांच्या नोकरीत मलाही तेच उत्तर द्यावं लागलं असतं. हा पहिलाच.